हजारला पाव व्होल्ट

मी पॉलिटेक्निकमध्ये एकवीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. त्यातला एकच धडा मला मनापासून आवडायचा, अँप्लिफायरचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. बाकीचे धडे मी उरकायचे, हा मात्र रंगवून सांगायचे. आता त्याबद्दल कुणी काही विचारलं की मी विषय बदलते. असं का, ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

अँप्लिफायर लहान आवाज मोठा करतो, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण तो सगळे आवाज सारखेच मोठे करत नाही. डग्ग्याचा घुमारा म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास कंपनं, झांजेची किणकिण म्हणजे कित्येक हजार. सेकंदाला जितकी कंपनं, ती त्या आवाजाची फ्रिक्वेन्सी. फार खालच्या फ्रिक्वेन्सीला अँप्लिफायरचं बळ कमी पडतं, फार वरच्यालाही पडतं, आणि मधल्या लांबलचक पट्ट्यात तो सगळ्यांना समान वागवतो. हे कागदावर मांडलं की डावीकडे चढ, मध्ये सपाट माळ आणि उजवीकडे उतार असा वक्र मिळतो. फळ्यावर हा वक्र मी खडू न उचलता एका झटक्यात काढायचे आणि वर्गाकडे वळून म्हणायचे, यंत्राचा स्वभाव ओळखायचा तर त्याला एकच प्रश्न विचारून भागत नाही, खालपासून वरपर्यंत सगळे प्रश्न विचारावे लागतात. हे वाक्य माझं मलाच फार आवडायचं. दर वर्षी मी ते आत्ताच सुचल्यासारखं म्हणायचे.

हा प्रयोग करायला आमच्याकडे एकच किट होतं. लाकडी खोकं, त्यावर पातळ पाटी, पाटीवर एक ट्रान्झिस्टर, काही रेझिस्टन्स आणि तीन कपॅसिटर. एका बाजूला जनरेटर जोडायचा, दुसऱ्या बाजूला मीटर. आत दहा मिलिव्होल्ट कायम ठेवायचे, जनरेटरची चकती फिरवत फ्रिक्वेन्सी वाढवत न्यायची आणि दर वेळी बाहेर किती येतं ते मीटरच्या काट्यावर वाचून लिहायचं. अशी पंचवीस रीडिंग्ज. किट आलं त्याच वर्षी मी नोकरीला लागले होते. पहिली रीडिंग्ज मी स्वतः घेतली. हजारला बरोबर एक व्होल्ट, शंभरला त्याहून थोडं कमी. वक्र पुस्तकात असतो तसा आला. तो कागद मी मुलांना नमुना म्हणून दाखवला. ते आकडे खरे होते, म्हणजे त्या वर्षी खरे होते.

पुढच्या वर्षीच्या मुलांनी मागच्या वर्षीच्यांची जर्नलं मिळवली. त्यापुढच्यांनी त्यांची. आमच्याकडे ही पद्धतच होती आणि ती मला माहीत नव्हती असं म्हणणं म्हणजे निव्वळ सोंग होईल. मुलं आधी वक्र काढायची, मग त्या वक्रावर बिंदू ठेवायची, मग बिंदूंवरून आकडे वाचून तक्ता भरायची. दोन्ही टोकांची गोलाई मुली बांगडीने काढायच्या आणि मुलं त्यांच्याकडून बांगडी मागून न्यायची. जी हुशार होती ती दोन बिंदू मुद्दाम रेषेच्या जरा वर-खाली द्यायची, म्हणजे प्रयोग केल्यासारखं दिसतं. असे बिंदू दिसले की मला बरं वाटायचं. पोरगं कष्टाळू दिसतंय, असं मनात म्हणून मी सही करायचे. किटसमोर त्या वेळी चौघं उभी असायची, एक जण चकती फिरवायचा आणि बाकीचे तिघं सिनेमाबद्दल बोलायचे. मी टेबलाशी बसून जर्नल तपासत असायचे. माझ्या टेबलापासून ते किट फार तर दहा पावलांवर असेल.

नऊ वर्षं असं चाललं.

त्या वर्षीच्या साठ जणांच्या वर्गात पाच मुली होत्या. त्यातली एक मंडईच्या मागच्या बोळात राहायची. तिच्या वडिलांचं तराजू दुरुस्तीचं दुकान होतं, पणजोबांपासूनचं. मंडईतल्या भाजीवाल्यांचे, शुक्रवार पेठेतल्या वाण्यांचे, सराफांचे तराजू त्यांच्याकडे यायचे. वजनमाप खात्याचा साहेब दर वर्षी शिक्का मारायला यायचा, त्याआधी सगळ्यांना यांच्याकडून दांडी सरळ करून घ्यावी लागायची. मी शनिवार पेठेत राहायचे आणि भाजी मंडईतूनच आणायचे, त्यामुळे ती मला दुकानात कितीदा तरी दिसली होती. दांडीच्या समोर बसलेली, हनुवटी काट्याच्या रेषेत आणून श्वास धरून बघत असलेली. मला पाहून उठायची, 'मॅडम' म्हणायची आणि परत बसायची. वर्गात ती फार बोलायची नाही. मीही तिची फार दखल घेतली नव्हती.

तिच्या गटाची पाळी झाली आणि चौघांची जर्नलं माझ्याकडे आली. तिघांचे वक्र छान. चौथा, तिचा, भलताच. डावीकडे रेषा जवळजवळ जमिनीलाच चिकटलेली, मग हळूहळू चढत गेलेली, आणि सपाटी यायची ती थेट दहा हजारांच्या पुढे. माझ्या माळाच्या जागी हिने घाट काढला होता. हजारला एक व्होल्टऐवजी तिने पाव व्होल्ट लिहिलं होतं.

मी विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, असंच येतंय. मी विचारलं, इनपुट कायम ठेवलं होतंस का. हो म्हणाली. मग एखादी वायर सैल असेल, असं म्हणून मी पानावर लाल शाईने 'रिपीट' लिहिलं. ते लिहायला मला एक क्षणही लागला नाही. साठ जणांचा वर्ग, नऊ वर्षं, शेकडो जर्नल, सगळ्यांचा एक व्होल्ट आणि हिचा एकटीचा पाव. कोण चुकलं असेल हे मला न विचारताच ठाऊक होतं.

आठवड्याने ती परत आली. या वेळी तिने मधल्या सुट्टीत एकटीने प्रयोग केला होता. पंचविसाऐवजी चाळीस रीडिंग्ज घेतली होती, आणि प्रत्येक दोनदा, एकदा फ्रिक्वेन्सी वाढवत जाताना आणि एकदा कमी करत येताना. दोन रकाने शेजारी शेजारी. हजारला दोन्हीकडे पाव व्होल्ट. इतकं नीट काम माझ्या उभ्या नोकरीत कुणी केलं नव्हतं, आणि मी स्वतःही केलं नव्हतं. हे मला आज दिसतं. त्या दिवशी मला फक्त तो घाट दिसला.

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकदा येऊन बघता का? काटा तिथेच थांबतो."

माझ्यासमोर जर्नलचा ढीग होता, बाकीची मुलं ऐकत होती, आणि मला एक वाक्य सुचलं. मी म्हणाले, "बाकी सगळ्यांना जे दिसतं ते तुला एकटीला दिसत नाही, तेव्हा आधी किट तपासायचं की तुझे डोळे?"

मुलं हसली. आम्हा पुणेकरांना असं एखादं वाक्य जमलं की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं. ती हसली नाही आणि रडलीही नाही. जर्नल उचलून जागेवर गेली. वाक्य जमल्याचा आनंद मला घरी जाईपर्यंत पुरला, स्टाफरूममध्ये मी ते दोघींना परत सांगितलं.

तिसऱ्या वेळी मी पान उघडून बघितलं, घाट दिसला आणि मी पान टरकावून तिच्या हातात दिलं. त्या आठवड्याच्या शेवटी टर्मचं सबमिशन होतं. सगळ्या प्रयोगांवर माझी सही नसेल तर जर्नल सर्टिफाय होत नाही, आणि जर्नल नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. हे मी तिला समजावून सांगितलं. समजावून म्हणजे, तुझं तू बघ, या सुरात.

शनिवारी ती जर्नल घेऊन आली. डावीकडे चढ, मध्ये सपाट, उजवीकडे उतार. हजारला एक व्होल्ट. सगळेच्या सगळे पंचवीस बिंदू नेमके रेषेवर, एकही वर नाही की खाली नाही. खोटं लिहायचं तर दोन बिंदू बाजूला द्यायचे असतात हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. मी मात्र म्हणाले, बघ, लक्ष दिलं की येतं. आणि सहीच्या वर 'गुड' लिहिलं. इतर कुणाच्या त्या पानावर मी 'गुड' लिहिलं नव्हतं. तिला उत्तेजन द्यावं, असं मला वाटलं होतं. ती ते अक्षर थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिने जर्नल मिटलं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावाहून एक परीक्षक आले होते. वयस्कर, कमी बोलणारे, खिशात स्वतःचा स्क्रूड्रायव्हर बाळगणारे. प्रयोगांच्या चिठ्ठ्या एका ट्रेमध्ये टाकल्या होत्या. सकाळच्या तुकडीत अँप्लिफायरची चिठ्ठी एका मुलाला आली, त्याने पाठ असलेला वक्र काढला आणि त्याला चांगले मार्क पडले, कारण तेव्हा परीक्षक चहाला गेले होते. दुपारच्या तुकडीत ती चिठ्ठी तिला आली. मला उलट हायसं वाटलं. हिच्याकडून तर हा प्रयोग आपण चार वेळा करून घेतलाय, असं मनात म्हटलं.

ती किटसमोर बराच वेळ नुसती उभी राहिली. तिने चकती फिरवली, काटा बघितला, परत फिरवली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, आटप. तिने कागद पुढे ओढला आणि वक्र काढला.

परीक्षक फिरत फिरत तिच्यापाशी आले. त्यांनी कागद बघितला, आणि मी नऊ वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. वाकून जनरेटरची चकती हजारवर आणली आणि मीटर बघितलं. परत कागद बघितला. इनपुट तपासलं, वायरी दाबून बघितल्या, परत मीटर बघितलं. तोवर मीही शेजारी जाऊन उभी राहिले होते. काटा पावावर होता. कागदावर एक लिहिलेलं होतं.

ते म्हणाले, "ही रीडिंग्ज तुम्ही आत्ता इथे घेतलीत?"

तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती, तक्रारही नव्हती. ती वाट बघत होती. मला सगळं एका क्षणात कळलं. तीन वेळचा घाट, चाळीस रीडिंग्जचे दोन रकाने, फाडून दिलेलं पान आणि 'गुड'. मी तोंड उघडलं असतं आणि एवढंच म्हटलं असतं की सर, किट बिघडलंय, हिने मला हे टर्ममध्ये दाखवलं होतं, तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण मग त्यांनी पुढचं विचारलं असतं. किट कधीपासून बिघडलंय? बाकीच्यांचे वक्र कसे आले? सही कुणाची आहे? विभागप्रमुखाची जागा त्या उन्हाळ्यात रिकामी होणार होती आणि ती मला मिळेल असं सगळे म्हणत होते.

मी म्हणाले, "सर, टर्मभर हिचं असंच आहे. रीडिंग घेणं कच्चंच आहे हिचं."

मी नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ क्षम्य होतं. पण मला गप्प राहवलं नाही. परीक्षकांनी तिला विचारलं, मग हा वक्र इतका सरळ कसा आला. ती म्हणाली, "पाठ केला होता, सर." त्या खोलीत त्या दिवशी खरं बोललेली ती एकटीच. त्यांनी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं, शेरा लिहिला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. बाहेरचा आणि कॉलेजचा अशा दोन परीक्षकांच्या सह्या लागतात, आणि कॉलेजची परीक्षक मीच होते. मी केली.

सगळे गेल्यावर मी लॅबच्या शिपायाकडून किल्ली मागून घेतली आणि त्याला घरी जायला सांगितलं. किट चालू केलं. शंभरला जवळजवळ काहीच नाही. हजारला पाव. दहा हजारला कुठे एक व्होल्टच्या जवळपास. तिचा घाट तसाच्या तसा. खोकं उलटं करून बघितलं तर ट्रान्झिस्टरच्या खालचा मोठा कपॅसिटर सुकला होता, त्याच्या बुडाशी पांढरट राप आला होता. खालच्या फ्रिक्वेन्सींना बळ मिळतं ते त्याच्यामुळे. तो सुकला की मधल्या सपाटीचा डावीकडचा भाग खचतो. ही गोष्ट मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असायचा आणि तो मीच काढायचे. ड्रॉवरमध्ये नवा कपॅसिटर होता. बदलायला पंधरा मिनिटं लागली. काटा एक व्होल्टवर आला. जुना कपॅसिटर मी लॅबच्या टोपलीत टाकला नाही, शिपायाला दिसेल म्हणून. कागदात गुंडाळून पर्समध्ये घातला आणि वाटेत कचराकुंडीत टाकला. इतकी अक्कल मला अचूक वेळी सुचली, याची मला आजही लाज वाटते.

परीक्षेत गैरप्रकार झाला की पालकांना पत्र जायचं आणि ते वर्गशिक्षकाच्या सहीने जायचं. वर्गशिक्षक मीच होते. चार दिवसांनी ऑफिसातून टाइप केलेलं पत्र माझ्या टेबलावर आलं. 'आपल्या पाल्याने प्रात्यक्षिक परीक्षेत खोटी रीडिंग्ज सादर केल्याचे आढळून आले आहे.' किट दुरुस्त करून मला चार दिवस झाले होते. मी सही केली. बोर्डाने तिचा त्या वर्षीचा सगळाच निकाल रद्द केला.

त्यानंतर मंडईत जाताना मी वाट बदलली. मागचा बोळ टाळून पुढच्या बाजूने जायला लागले. पण भाजी घेऊन बाहेर पडताना एकदा नजर गेलीच. वडील एकटेच दांडीपुढे बसले होते. ती आत, भिंतीशी, चिंचेने पितळी वजनं घासत बसली होती. आठवड्याने परत बघितलं, तसंच. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा दुकानात गर्दी होती, वडिलांना एकट्याने काम आवरत नव्हतं, तरी ती आतच होती. मी हातातली पिशवी घेऊन तशीच पायरी चढले.

वडील लगबगीने उठले. गिऱ्हाइकांना थांबायला सांगून त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं, समोरच्या हॉटेलात चहा सांगितला. मी पत्राबद्दल बोलायला आले आहे हे त्यांना कळलंच होतं. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच माझी माफी मागितली. म्हणाले, तुम्ही इतकं शिकवलंत आणि आमच्या मुलीने तुम्हाला खाली बघायला लावलं. मग त्यांनी सांगितलं की पत्र आल्यापासून तिला तराजूला हात लावायला मनाई केली आहे. "आमच्यावर भरवसा ठेवून साहेब शिक्का मारतात, मॅडम. काट्यावर नसलेला आकडा जो सांगतो, त्याचा हात आम्ही दांडीला लागू देत नाही. मुलगी असली म्हणून काय झालं."

तिने मान वर केली नाही. वजन घासत राहिली.

मी सांगितलं की किट जुनं होतं, त्यात बिघाड होता, त्यामुळे घोटाळा झाला. मी ते अशा रीतीने सांगितलं की त्यात कुणीच दोषी नव्हतं, एक कपॅसिटर तेवढा होता. वडिलांनी नीट ऐकून घेतलं.

"किट बिघडलेलं असेल, मॅडम," ते म्हणाले. "बिघडलेल्या काट्यावर जे दिसतं तेच लिहायचं असतं. तिने लिहिलेला आकडा काट्यावर होता का?"

आतून ती म्हणाली, "नव्हता, अब्बा."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले की तिने आधी काट्यावरचाच आकडा लिहिला होता. एकदा नाही, तीनदा. तीनही वेळा मी तो परत केला. तिसऱ्यांदा पान फाडलं. दुसरा आकडा लिहिला नसता तर मी तिला परीक्षेला बसू दिलं नसतं, आणि हे तिला कळेल अशा भाषेत मी सांगितलं होतं. परीक्षकांसमोर मी काय बोलले तेही सांगितलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी होती.

वडिलांनी विचारलं, "तिने लिहिलं तेव्हा तुम्ही उठून एकदा तरी काटा बघितला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, हे त्या परीक्षेच्या साहेबांना लिहून कळवणार ना? मी हो म्हणाले. याच आठवड्यात कळवते, असंही म्हणाले. त्यांनी मान हलवली, आत वळून मुलीला हाक मारली आणि स्वतः बाजूला सरकून दांडीपुढची जागा रिकामी केली. ती हात पुसून येऊन बसली. एका भाजीवाल्याचा तराजू तिने पुढ्यात ओढला आणि हनुवटी काट्याच्या रेषेत आणली. मी तिथे आहे की नाही याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. चहा आला तेव्हा मी पायरी उतरले होते.

बोर्डाला लिहायचं पत्र मी त्या रविवारी लिहायला घेतलं. पहिल्या वाक्यातच अडले. 'नऊ वर्षे' लिहावं की 'काही काळ', हे ठरेना. मग निकालाची कामं आली, मग सुट्टी लागली, मग विभागप्रमुखाची जागा भरायची होती. ती मला मिळाली. प्रमुख झाल्यावर तर असं पत्र लिहिणं आणखीच अवघड होतं, असं मी स्वतःला समजावलं. मी स्वतःला समजावण्यात चांगलीच तयार आहे. एका दुकानात, दोन भाजीवाल्यांसमोर खरं बोलले, तेवढ्यावर मी माझं भागवून घेतलं.

पुढच्या वर्षी ती खालच्या वर्गाबरोबर तीच टर्म करायला आली. तिच्या मैत्रिणी पुढे गेल्या होत्या. पत्राचं काय झालं, हे तिने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, आणि तेही खोटंच होतं. अँप्लिफायरच्या प्रयोगाची पाळी आली. तिने एकटीने रीडिंग्ज घेतली, वक्र काढला आणि जर्नल माझ्या टेबलावर आणून ठेवलं. किट आता नीट होतं. हजारला एक व्होल्ट, दोन-तीन बिंदू रेषेच्या जरा बाजूला, पण ते खरेच तिथे होते. मला बरं वाटलं. मी पेन उचललं.

"मॅडम, आधी काटा बघता?" ती म्हणाली.

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला तो ओळखता आला असता, माझं आयुष्य त्यातच गेलं. ती साधं विचारत होती, वर्षापूर्वी विचारलं होतं तसंच. मी पेन खाली ठेवून उठले. ती किटपाशी जाऊन थांबली, चकती हजारवर आणली आणि मला दिसावं म्हणून बाजूला झाली. काटा एकवर होता. मी वाकून बघितला आणि लगेच सरळ झाले नाही, कारण सरळ झाल्यावर तिच्याकडे बघावं लागलं असतं. मग टेबलाशी येऊन सही केली. ती जर्नल घेऊन गेली आणि पुढच्या मुलाने त्याचं जर्नल पुढे सरकवलं. मी पुन्हा उठले नाही.